तुझ्या बहमनीचं काय करायचं

प्रिय मित्रा,

काल रात्रीचा तुझा स्क्रीनशॉट बघितला. युरोपा युनिव्हर्सालिस ४ या राज्य चालवायच्या गेममध्ये विजयनगर घेऊन खेळतोयस, दुसऱ्या वॉरमध्ये शेजारचं बहमनी राज्य संपवलंस, आणि खाली लिहिलंयस "दादा, आता ठेवू की सोडू?" मला खरंच छान वाटलं, कारण बरीच पोरं हे बंडं सुरू झाल्यावर विचारतात.

तुझं ओव्हरएक्स्टेन्शन, म्हणजे जिंकलेल्या पण अजून पक्क्या न झालेल्या जमिनीचा ताण, १३४ टक्के दिसतंय आणि कारभाराचे अ‍ॅडमिन पॉइंट उरलेत ६०. या गेममध्ये ते १०० च्या वर गेलं की एकामागोमाग वाईट इव्हेंट येतात, आणि एवढे प्रांत कोअर करायला, म्हणजे पक्के आपले करून घ्यायला, ६० पॉइंट कुठे पुरणार? शिवाय शेजारी चिडलेत, अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन, म्हणजे तुझ्या जमीन घेण्यावरचा त्यांचा राग, ५० च्या पुढे गेलं की ते तुझ्याविरुद्ध कोअलिशन, म्हणजे एकत्र आघाडी, करू शकतात. म्हणून मी तुझ्या जागी असतो तर बहमनीला व्हॅसल, म्हणजे तुझं मांडलिक राज्य, म्हणून परत उभं केलं असतं. ती जमीन आधीच तिची कोअर आहे, त्यामुळे तुझे पॉइंट वाचतात, ओव्हरएक्स्टेन्शन खाली येतं, आणि तिथलं सैन्य तुझ्या बाजूने लढतं. दहा वर्षांनी डिप्लोमॅटिक पॉइंट खर्चून तिला आत घेता येतं. फक्त तिची लिबर्टी डिझायर, म्हणजे स्वतंत्र व्हायची ओढ, ५० च्या वर जाऊ देऊ नकोस, व्हॅसल फार मोठी झाली की ती ऐकत नाही.

तू रोज सिंहगड रोडने ये-जा करतोस म्हणून सांगतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. ठेवलेल्यांत राजगड होता, म्हणजे राजधानी हातची गेली नाही. कोंढाणा दिला, तो १६७० च्या फेब्रुवारीत परत घेतला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की काय सोडायचं यापेक्षा काय अजिबात सोडायचं नाही हे आधी पक्कं होतं. तुझ्या मॅपवरही तेच आधी शोध, कुठला प्रांत गेला तर तुझं राज्य उभंच राहणार नाही.

आणि याच्या उलटंही बघ. १७५८ ला मराठे अटकेपर्यंत गेले, पण पुण्यापासून एवढ्या लांब कायम फौज ठेवायची म्हणजे पैसा, घोडी, रसद सगळंच लागतं, आणि पुढच्याच वर्षी अब्दालीने पंजाब परत घेतला. मग लांबचं सगळं सोडूनच द्यायचं का, तर तसंही नाही रे. जिंजी महाराजांनी १६७७ ला घेतली, रायगडापासून किती लांब, पण १६८९ नंतर राजाराम महाराजांना तिथेच आसरा मिळाला आणि तो किल्ला १६९८ पर्यंत लढला. जिंजीला भक्कम तटबंदी होती, स्वतःच्या बळावर टिकता येत होतं. तुझ्या लांबच्या प्रांतात असं काही आहे का बघ, नुसता मॅपवर रंग छान दिसतो म्हणून ठेवू नकोस.

मी सिव्हिलायझेशन ५ या दुसऱ्या गेममध्ये जिंकलेली तीन शहरं एकदम अ‍ॅनेक्स केली होती, म्हणजे पूर्ण आपल्या राज्यात घेतली होती. पपेट, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतःच बघणारी शहरं, ठेवून एकेक घ्यायला हवं होतं, कोर्टहाउस बांधून होईपर्यंत अ‍ॅनेक्स केलेल्या शहरात नाराजी जास्त असते. हॅपिनेस, म्हणजे लोकांची खुशी, मायनसमध्ये गेली, शहरं वाढायची थांबली, सैन्यही ढिलं लढायला लागलं, आणि जिंकत आलेला गेम चाळीस टर्नमध्ये हातचा गेला. ती रात्र अजून आठवते, म्हणून तुला इतकं सांगतोय.

आज काहीच क्लिक करू नकोस. आधी सेव्हची कॉपी काढ, मग बहमनीला परत उभं करायच्या रिलीजच्या खिडकीत कुठले प्रांत जातायत ते एकेक वाच, आणि तुझ्या राजधानीलगतचा तुंगभद्रेच्या काठचा प्रांत त्यात असेल तर थांब. रविवारी लॅपटॉप घेऊन ये, सोबत बसून बघू.

तुझा
दादा