डिपॉझिट नाही म्हणून जखमी मुलीला ताटकळत ठेवलं, तक्रार कुठे करू?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली. गावातल्याच एका मुलाच्या दुचाकीने माझ्या सहा वर्षांच्या मुलीला उडवलं. पाय मोडला, डोक्याला खोक पडली. वडापच्या गाडीने बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. ‘एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस आहे, आधी पोलिसांचं पत्र आणा, वीस हजार भरा,’ म्हणाले. मिस्टर गोव्यात कामाला. त्यांची सहीही मागितली. तासभर बसवून ठेवलं, शेवटी सिव्हिलला नेलं. आता मुलगी बरी आहे. गाडीवाल्याच्या घरचे ‘आपसात मिटवूया’ म्हणतात. दवाखान्यावर केस होईल का? मला कन्नड लिहिता येत नाही.

उत्तर: ताई, दवाखान्याने सांगितलेलं एकही कारण कायद्यात बसत नाही. जखमी माणूस दारात आला की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं. एमएलसीची नोंद करून पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम, आईने पत्रासाठी पळायचं नसतं. कर्नाटकच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यानेही अपघातग्रस्ताला तातडीची मदत देणं बंधनकारक आहे. अशा वेळी आगाऊ पैशांसाठी अडवता येत नाही. सहीचं कारण तर हास्यास्पद. आईची सही पुरते. तीही मिळण्यासारखी नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मधलं उदाहरण नेमकं अपघातात सापडलेल्या मुलाचंच आहे: पालकांना विचारायला वेळ नसताना जीव वाचवण्यासाठी सर्जनने केलेली शस्त्रक्रिया गुन्हा ठरत नाही.

अडचण आहे ती पुराव्याची. त्यांनी केसपेपरच काढला नसेल तर ‘ही बाई आमच्याकडे आलीच नव्हती’ म्हणायला ते मोकळे. म्हणून आजच दवाखान्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं सीसीटीव्ही फुटेज पुसू नका. वडापवाला साक्षीला येईल का बघा. तिथे बसून मिस्टरांना केलेल्या फोनची वेळ मोबाइलमध्ये असेल, तिचा स्क्रीनशॉट ठेवा. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीच्या कागदावरची वेळ त्याला जोडली की तो तास दिसतो.

मग वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्याखाली जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाकडे अर्ज करा. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. अर्ज मराठीत चालतो. राज्यघटनेचं कलम ३५० तो हक्क देतं, आणि आपल्याकडे कुणी मराठी अर्जाला नाक मुरडलंच तर म्हणून ते कलम अर्जाच्या डोक्यावरच लिहा. सोबत कन्नड प्रत जोडलीत तर फाईल लवकर हलेल, एवढंच. शिक्का मारलेली पोच घ्या. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र मी तुम्हाला घालणार नाही. त्या तासाभरात पायाचं काय जास्त बिघडलं हे सिद्ध करावं लागेल, आणि देवाच्या दयेने मुलगी बरी आहे.

पैशाचा खरा प्रश्न दुचाकीचा आहे, आणि तुम्ही तोच शेवटी एका ओळीत उरकलात! एमएलसीमुळे आईबापावर केस होत नाही. उलट तोच कागद तुमच्या कामाचा. खानापूर पोलिसांत अपघाताचा गुन्हा नोंदलाय का ते विचारा, नसेल तर फिर्याद द्या. मोटार अपघात दाव्याला कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते, त्या घरावर नांगर फिरत नाही, हे त्यांनाही सांगा. तरी घाई करत असतील तर पोराकडे लायसन नसेल असा मला संशय आहे. तसं असलं तरी गाडीमालक सुटत नाही. स्टॅम्पपेपरवर सही करू नका, आणि मिस्टर आल्यावर गाडीच्या विम्याची झेरॉक्स आणि सिव्हिलचे कागद घेऊन वकिलाकडे जा.