संकट आलं की माणसं लगेच 'आपले' आणि 'बाहेरचे' असे गट का पाडतात?

प्रश्न वाचला आणि मे 2020 मधली आमच्या गावच्या शाळेची फरशी आठवली.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. संडास सामायिक, खालच्या मजल्यावर कोरोनाचे दोन रुग्ण निघालेले, वडील 74 वर्षांचे. म्हणून ई-पास काढून गाव गाठलं. सिंधुदुर्गच्या हद्दीवर, खारेपाटणच्या नाक्यावर पाच तास उन्हात काढले. वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर फांद्या आडव्या टाकलेल्या, आणि पलीकडे ग्रामकृती दलातला, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या गटातला, माझा चुलतभाऊ. "दादा, हडेच थांब. शाळेत तुमची सोय केलली आसा."

शाळेच्या खिडकीतून आमचं घर दिसायचं. चौदा दिवस ते बघत बसलो. काकी सकाळी पेजेचा डबा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवून मागे सरायची आणि आम्ही तो उचलेपर्यंत तोंडाला पदर लावून उभी राहायची.

त्याच रस्त्याने आंब्याचा टेम्पो वाशीला जायचा. तिथलं मार्केट रुग्ण वाढल्यामुळे त्याच महिन्यात आठवडाभर बंद ठेवावं लागलं होतं. पण ड्रायव्हर परतला की फांद्या बाजूला व्हायच्या आणि तो आपल्या घरी झोपायचा. भीती फक्त रोगाची असती, तर त्याचीही चटई माझ्या शेजारी पडली असती.

माझं स्पष्ट मत, भीती नवे गट पाडत नाही. मुंबैकार, म्हणजे मुंबईत राहणारे आमच्यासारखे गाववाले, गणपतीपुरते येतात आणि सामायिक जमिनीत हिस्सा मागतात, हा राग आमच्याकडे जुनाच होता. विषाणू दिसत नाही, मुंबईची एमएच 01 नंबरची गाडी दिसते, मग राग तिच्यावर निघतो. गणपतीला सरकारने विलगीकरण दहा दिवसांवर आणलं, तरी वाडीने चौदाच धरले.

तुमच्या सोसायटीत किंवा गावात असं चाललं असेल, तर एकच मागा: नियम टेम्पोवाल्यालाही तोच लावा.

भाऊ अजून म्हणतो, गावात सगळी म्हातारी माणसं, जवळ धड हॉस्पिटल नाही, आम्ही काय करायचं होतं? हे खरं आहे. शाळेत ठेवलं याचा मला राग नाही, त्याच्या जागी मीही ठेवलं असतं. पण तिसऱ्या दिवशी शाळेच्या विहिरीवरचा दोर काढून नेला, आणि माझे वडील रिकामी कळशी घेऊन काठावर उभे राहिले. तो कोणी नेला, एवढं त्याने मला एकदा सांगावं.