नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला दिव्यांगांसाठीचे नियम तपासायला आमच्या संस्थेने मदत कशी करावी? ट्रेनिंग घ्यावं का?

ट्रेनिंग नको, असं माझं स्पष्ट मत. शिबिरात सगळे माना डोलावतात, फोटो निघतात आणि पुढच्या फाईलवर पुन्हा तोच शेरा पडतो, "रॅम्प दर्शविला आहे".

मी व्हीलचेअरवर आहे आणि ड्राफ्टिंगचं काम करते, त्यामुळे हे नकाशे रोज बघते. आमच्या भागात एक नवीन इमारत झाली, खाली दवाखाना. जोतं 60 सेंटिमीटर आणि रॅम्प जेमतेम 3 मीटर, म्हणजे उतार 1:5. नियम 1:12 चा, म्हणजे तिथे 7.2 मीटर लांबी लागते. वर दरवाजा बाहेर उघडणारा आणि खुर्ची थांबवायला सपाट जागाच नाही. मी तक्रार घेऊन विभागात गेले तर इंजिनिअर साहेबांनी फाईल उघडली, प्लॅनमध्ये एक चौकट आणि आत "रॅम्प" लिहिलेलं, ना लेव्हल ना लांबी. म्हणाले, मॅडम, रॅम्प दिलाय ना, उताराचं वगैरे गाईडलाईन आहे, बंधनकारक नाही. मी त्यांना साईटवर नेलं, ते आले हे मान्य करते, आणि माझी खुर्ची त्यांनाच ढकलायला सांगितली. निम्म्यात दम लागला, पुढची चाकं उचलली जायला लागली, मी दोन्ही हातांनी रेलिंग शोधतेय तर रेलिंगच नाही. तरीही भोगवटा प्रमाणपत्र दिलं गेलं!

दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 44 सरळ आहे, नकाशा नियमात बसत नसेल तर परवानगी नाही आणि बांधकाम नियमात नसेल तर पूर्णत्वाचा दाखला नाही, ताबाही नाही. वर 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी प्रकरणात (दिव्यांगांना सार्वजनिक जागा वापरता याव्यात यासाठीचा खटला) हेच म्हटलं की नुसत्या शिफारशींवर भागणार नाही, किमान निकष सक्तीचे करा. "गाईडलाईन आहे" हे उत्तर तेव्हाच संपलं.

म्हणून तुम्ही छाननी करणाऱ्या टेबलाशी बसा. एक पानाची यादी करून द्या, रॅम्पचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, लेव्हलसकट (उंचीच्या आकड्यांसह) मागायचाच, जोत्याची उंची गुणिले बारा करून लांबी बघायची, वर-खाली दीड मीटरची सपाट जागा, दोन्ही बाजूंना रेलिंग, दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर, टॉयलेटचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आणि भोगवटा देण्याआधी टेप घेऊन साईट व्हिजिट, सोबत व्हीलचेअरवरचा एक माणूस, एक अंध माणूस. हे मुख्याधिकाऱ्यांच्या सहीच्या कार्यालयीन आदेशात आणा, नाहीतर साहेब बदलला की सगळं बंद.

हां, विभागात माणसं कमी आणि फाईली ढीगभर असतात हे खरं आहे, त्यामुळे भांडायला जाऊ नका, त्यांचं काम हलकं करा. जुन्या इमारतींचं कलम वेगळं आहे (45), तो विषय यात मिसळू नका. आणि मी रॅम्पवरच बोलले, पण अंधांसाठी टॅक्टाइल फरशी (पायाला, काठीला जाणवणारे उंचवटे असलेली), लिफ्टमध्ये ब्रेल बटणं हेही यादीत हवंच.

कोणी परत "बंधनकारक नाही" म्हणालं तर तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी मागा. त्या साहेबांकडे मी मागितलं होतं, त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही.