माडावरील पिक्सिनी कोकोज ओळखताना

कोकणात लायकेनचा, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेल्या सजीवाचा, अभ्यास सुरू करणाऱ्याने आधी पिक्सिनी कोकोज ही जाती नीट ओळखावी, कारण माडाच्या आणि आंब्याच्या सालीवर, भरपूर उजेडाच्या जागी, तिचे राखाडी, सालीला घट्ट चिकटलेले गोल चट्टे सहज सापडतात. डिरिनारिया ही दुसरी लायकेन मात्र तिच्याशी इतकी मिळतीजुळती दिसते की केवळ छायाचित्रावरून नाव देण्याची घाई करू नये. दहापट भिंगाखाली चट्ट्याच्या काठावरील पाकळीसारख्या भागाची कड सुईने हलकेच उचलून पाहावी: पिक्सिनीच्या खालच्या बाजूला मुळांसारखे बारीक तंतू असतात, डिरिनारियाला ते नसतात. त्यानंतर अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च धरावा; लायकेक्झँथोन या द्रव्यामुळे पिक्सिनी कोकोज पिवळी चमकते. तथापि हे द्रव्य इतर काही लायकेनांतही असल्याने या एकाच खुणेवर विसंबू नये, आणि टॉर्चचा झोत डोळ्यांवर कधीही घेऊ नये.

निरीक्षण कोरड्या सालीवरच करावे, कारण पावसात भिजल्यावर आतील शैवालाचा हिरवा रंग वर दिसू लागतो आणि मूळ छटा कळत नाही. बागायतदाराची परवानगी अवश्य घ्यावी आणि त्यांना आवर्जून सांगावे की ही बांडगुळासारखी परजीवी नाही. बुरशीला अन्न तिच्यातील शैवाल पुरवते, झाड केवळ आधार देते. म्हणून कलमांची खोडे खरवडण्याचे काहीच कारण नाही. बोर्डो पेस्ट लावलेली खोडे मात्र अभ्यासातून वगळावीत, कारण ताम्रयुक्त बुरशीनाशकाने लायकेनही मरते.