टिळक निवडून घेऊ नकोस

पोरी,

लघुप्रबंधाला तू कवी ना. वा. टिळक घेतलेस. तुझे सर म्हणतात, त्यांच्या निसर्गकविता घे, धर्माचं वगळ. घरी म्हणतात, भजनं घे, बाकीच्यात काय ठेवलंय? आणि तू दोघांनाही हो म्हणून आलीस. काहून गं?

ना. वा. टिळकांचा समग्र संग्रह हाती घेतलास ना, मग सगळा वाच. पऱ्हाटीतली फुटलेली बोंडं तेवढी वेचावी तशी कविता वेचू नको. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ झालं की टिळक संपले, असं मानणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. उलट आपल्या मंडळीत दर रविवारी पेटीवर त्यांची भजनं म्हणणाऱ्यांना ‘सुशीला’, ‘वनवासी फूल’ त्यांचंच, हे ठाऊक नसतं. दोघांचेही टिळक अर्धे.

सरांना विचार, धर्म काढून टिळक कसे उरतील? १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस ख्रिस्ताला अभंगात गातो, त्याचं चरित्र ओवीत लिहायला घेतो. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं स्वतः सांगतो. आणि घरच्यांना १९१७ साल सांग. मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली, तिच्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. हे आपल्या चर्चमध्ये फारसं कोणी काढत नाही. मी काढलं, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडू देत.

त्यांना नवा करार मिळाला तो आपल्याच मुलखात, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, १८९३ साली. एका गोऱ्या सहप्रवाशानं दिला. ते पुस्तक आधी त्यांना रुचलं नव्हतं. वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचत राहिले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि पुढे पुस्तक सोडवेना. न रुचलेलं त्यांनी बाजूला टाकलं असतं तर आज तुझ्या लघुप्रबंधाला विषयच नसता! म्हणून म्हणतो, सगळं वाच.

वाचनालयाच्या कमिटीत होतो तेव्हा स्पर्धा परीक्षांची पुस्तकं बाजूला ठेवून मी टिळक घेतले. कापसाला भाव नाही अन् याला कविता सुचतात, असं तोंडावर ऐकलं. आजही तेच करीन. नोकरीची पुस्तकं पोरं कुठूनही आणतात, टिळक कोण आणून देणार होतं? रुखरुख एकच. नगरला राहून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक सलग वाचायचे राहून गेले. टिळक त्याचा मराठी भाग सांभाळत. आधी नोकरी आडवी आली, मग गुडघे. ते आता तुझ्याकडे.

समीक्षा आधी वाचू नको, सोबत ‘स्मृतिचित्रे’, त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ठेव. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तिथले टिळक संतापी, उधळे, लोभस, सगळेच भेटतील. ओवीतलं ते ख्रिस्तचरित्र, ‘ख्रिस्तायन’, कंटाळवाणं वाटेल. वाटू दे, वाच. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ते अपुरं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. लिहिणारा हात कुठे बदलतो ते पुस्तकात न बघता, कानानं ओळखता येतं का, ते मला कळव.

संग्रह न्यायला ये. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नको. सरांशी काय बोलायचं ते तू ठरव. मात्र अनुक्रमणिकेत त्यांच्या ख्रिस्ती अभंगांची ‘अभंगांजली’ दिसली नाही, तर तो प्रबंध मला दाखवायला आणू नको बाप्पा.

तुझा,
काका