वाचकांचे प्रश्न : सूफी संतांची चित्रं

प्रश्न : हातात पृथ्वीगोल घेतलेल्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचं मुघल चित्र पाहिलं. चेहरा समोर बसवून काढल्यासारखा वाटतो. तसं असेल का?

उत्तर : शक्यच नाही. ख्वाजासाहेब १२३६ साली गेले. जहांगीरच्या दरबारातल्या बिचित्रनं हे चित्र काढलं ते १६२०च्या सुमारास. आता ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. चेहरा म्हणजे दरबारानं मनात धरलेला पीर. खरं म्हणणं हातातल्या गोलात आहे : त्यावर मुकुट आणि किल्ली. बादशाही ख्वाजांच्या कृपेनं मिळाली, असा दावा.

मियाँ मीर (मृत्यू १६३५) यांचं वेगळं. दारा शुकोह त्यांना भेटला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा चित्रकारांपर्यंत पोचलेला असू शकतो. तरी चित्रं एकसारखी दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. दरबारी चित्रकारांच्या कारखान्यात चरबा चाले : जुन्या चित्रावर पारदर्शक कातडं ठेवून रेषा उतरवायच्या, त्यांवर सुईनं भोकं पाडायची, मग कोळशाची पूड थोपटून तोच चेहरा नव्या कागदावर घ्यायचा. दहा चित्रांमागे पाहणारा एकच असू शकतो.

प्रश्न : वसलीवर (थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर) फकिराची पांढरी दाढी रंगवतो. रंगाला पोपडे येतात आणि दाढी कापसासारखी दिसते.

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. पोपडे येतात ते रंगात मिसळलेला डिंक जास्त झाल्यानं किंवा थर जाड बसल्यानं. आधी तुकड्यावर पाहा : वाळलेला रंग बोटाला लागला तर डिंक कमी, चकाकून तडकला तर जास्त. एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक पूर्ण वाळवून. मग चित्र काचेवर पालथं घालून पाठीकडून अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटा.

कापूस दिसतो तो पांढऱ्यानंच सुरुवात केल्यामुळे. कातडीचा रंग दाढीखालीही न्या, वर फिकट राखाडीचा हात द्या. मग खारीच्या केसांच्या कुंचलीनं एकेक केस मुळाकडून टोकाकडे ओढा. निव्वळ पांढरा अगदी शेवटी, मोजक्याच केसांना. गालाच्या कडेला केस विरळ हवेत, नाहीतर दाढी चिकटवल्यासारखी दिसते.

प्रश्न : चित्रावर संताचं नाव असेल तर विश्वास ठेवावा का?

उत्तर : आधी शाई आणि अक्षर पाहा, नावं पुष्कळदा मागाहून घातलेली असतात. अठराव्या शतकातल्या संतमेळ्याच्या चित्रांत मात्र नावावाचून चालत नाही. तिथे ११६६ साली गेलेले अब्दुल कादिर जिलानी आणि १३२५ साली गेलेले निजामुद्दीन औलिया एकाच बैठकीत दिसतात, आणि दाढ्या साऱ्यांच्या सारख्याच.