ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेसमध्ये नाणेफेकीला एवढं महत्त्व का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ही शर्यत ऑलिंपिकसारखी सरळ, आखलेल्या पाण्यात का होत नाही, आणि वल्ह्यांच्या शर्यतीत नाणेफेक जिंकून कर्णधार निवडतो तरी काय? आधी नदी समजून घ्या, मग नाणेफेक आपोआप कळेल.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या आठ-आठ वल्हेकऱ्यांची ही शर्यत लंडनमध्ये टेम्स नदीवर पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत होते. अंतर ४ मैल ३७४ यार्ड, म्हणजे सुमारे ६.८ किलोमीटर. ऑलिंपिकमध्ये २००० मीटर असतात. आपल्या नाशिक जिल्ह्याचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओत एकेरीत तेवढंच अंतर वल्हवून तेरावा आला होता. ही शर्यत त्याच्या तिपटीहून लांब, आणि तीही वाहत्या नदीत. बोटी जातात उगमाच्या दिशेने, पण प्रवाहाविरुद्ध नव्हे. समुद्राची भरती लंडनच्या पलीकडेपर्यंत आत शिरते आणि नदी काही तास उलटी वाहते. भरती पूर्ण होण्याच्या साधारण दीड तास आधी, पाणी जोरात आत येत असताना, शर्यत सुरू करतात. शर्यतीची वेळ दरवर्षी वेगळी असते ती यामुळेच. ती टीव्हीवाल्यांच्या नव्हे, चंद्राच्या सोयीने ठरते.

या अंतरात नदी तीन वेळा वळते. पटनीहून निघाल्यावर बोटीच्या उजवीकडचा काठ मिडलसेक्सचा, डावीकडचा सरेचा (ही तिथल्या जुन्या परगण्यांची नावं). पहिलं वळण उजवीकडे, फुलहॅम फुटबॉल क्लबच्या मैदानाजवळ. मग हॅमरस्मिथ पुलाला कवेत घेणारं लांबलचक डावं वळण. शेवटी बार्न्स पुलाच्या आसपास पुन्हा उजवं. दोन बोटी शेजारी-शेजारी चालल्या की आतल्या बोटीला कमी अंतर कापावं लागतं. म्हणजे मिडलसेक्सला पहिल्या आणि शेवटच्या वळणाचा फायदा, सरेला मधल्या मोठ्या वळणाचा. नाणेफेक जिंकणारा कर्णधार यातली कोणती बाजू घ्यायची, हेच निवडतो. नाणंही खास आहे: १८२९ सालची सोन्याची सॉव्हरिन.

सुरुवातीलाच सुसाट सुटणारा संघ मिडलसेक्स घेऊ शकतो, कारण पहिल्या वळणावर निर्णायक आघाडी मिळाली तर सरेचा फायदा वापरायला समोरचा शेजारी उरतच नाही. दमाचा संघ सरे घेतो आणि मधल्या वळणावर पिळून काढतो. वारा दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून असेल तर सरेच्या काठाला थोडा आडोसाही मिळतो. हा सगळा हिशोब त्या दिवसाच्या हवामानावर बदलतो, त्यामुळे ‘अमुक बाजू चांगली’ असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

खरी मारामारी होते ती प्रवाहाच्या मधल्या पट्ट्यासाठी. काठाजवळ पाणी उथळ आणि संथ, तर खोल भागात भरतीचा जोर जास्त. दोन्ही कॉक्सना (बोटीला दिशा देणाऱ्या सुकाणूधारकांना) तोच पट्टा हवा असतो. आठ जण प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसलेले. पुढचं दिसतं ते फक्त कॉक्सला. त्याच्या हाती छोटं सुकाणू असतं, आणि ते वळवलं की बोटीला थोडा ब्रेक लागतोच. मागच्या मोटरबोटीत पंच उभा असतो. कुणी दुसऱ्याच्या पाण्यात घुसलं की तो संघाचं नाव घेऊन झेंडा हलवतो. ताकीद मिळूनही हटला नाही आणि वल्ह्याला वल्हं लागलं, तर संघ बाद होऊ शकतो. मात्र पुढच्या आणि मागच्या बोटीत मोकळं पाणी पडलं, की पुढच्याला हव्या त्या पाण्यात जायची मुभा मिळते. मग मागच्यांच्या नशिबी त्याने ढवळलेलं पाणी. प्रत्यक्षात बाद ठरून निकाल लागला तो एकदाच, डिसेंबर १८४९ मध्ये. तेव्हा केंब्रिज बाद झालं.

या शर्यतीची सुरुवात दोन शाळासोबत्यांपासून झाली. हॅरो शाळेत बरोबर शिकलेले चार्ल्स मेरिव्हेल केंब्रिजला आणि चार्ल्स वर्ड्‌स्वर्थ (कवी वर्ड्‌स्वर्थचा पुतण्या) ऑक्सफर्डला गेले. मार्च १८२९ मध्ये केंब्रिजने रीतसर आव्हान पाठवलं आणि १० जूनला हेन्लीला पहिली शर्यत झाली. सुरुवातीलाच भानगड होऊन ती थांबवावी लागली आणि पुन्हा सुरू केली. ऑक्सफर्ड आरामात जिंकलं. दुसरी शर्यत व्हायला १८३६ उजाडलं, आणि ती लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ते पटनी अशी झाली. केंब्रिजचा फिकट निळा रंग त्या दिवसापासूनचा: ऐन वेळी कुणीतरी दुकानातून ईटन शाळेच्या रंगाची फीत आणून बोटीच्या टोकाला बांधली. वेस्टमिन्स्टरला वाफेच्या बोटींची गर्दी इतकी वाढली, की १८४५ साली शर्यत वरच्या अंगाला, पटनी ते मॉर्टलेकला हलवली. १८५६ पासून ती दरवर्षी होते. अपवाद दोन महायुद्धांचा आणि २०२० च्या कोविडचा.

बोट कशी बदलली, हा मला यातला सर्वांत रंजक भाग वाटतो. पूर्वी वल्हं थेट बोटीच्या काठावर टेकवलेलं असे. तरफेला पुरेशी लांबी हवी, तर बोट रुंद ठेवावी लागे, आणि रुंद बोट जड चालते. १८४६ मध्ये लोखंडी रिगर आले. वल्ह्याचा टेकू बोटीच्या बाहेर गेला आणि बोट सडपातळ करता आली. १८५७ मध्ये ऑक्सफर्डने बुडाला कणा नसलेली, गुळगुळीत बोट उतरवली आणि मोठ्या फरकाने शर्यत मारली. मग १८७३ मध्ये दोन्ही संघ सरकत्या बैठकीवर बसले. स्थिर फळीवर बसून वल्हवताना जोर मुख्यतः पाठीचा आणि खांद्यांचा; बैठक सरकू लागली की गुडघे दुमडून पायांची पूर्ण ताकद वल्ह्यात उतरते. त्या वर्षी केंब्रिजने १९ मिनिटं ३५ सेकंदांत शर्यत संपवली, तो तेव्हाचा विक्रम होता. आजचा विक्रम १९९८ च्या केंब्रिजचा, १६ मिनिटं १९ सेकंद.

१८७७ चा निकाल मात्र बरोबरीचा. शेवटच्या टप्प्यात ऑक्सफर्डच्या पुढच्या वल्हेकऱ्याचं वल्हं तडकलं, केंब्रिजने गाठत आणलं, आणि शेवटची रेषा दाखवायला काठावर धड खांबही नव्हते. जॉन फेल्प्स नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याने नुसत्या नजरेने निवाडा दिला. तो झुडपाखाली झोपला होता वगैरे गोष्टी नंतर कुणीतरी तिखटमीठ लावून पसरवल्या. नंतर तिथे शेवटची रेषा दाखवणारे खांब उभे केले. आज २००३ सारखा निकाल (ऑक्सफर्ड फक्त एक फुटाने पुढे) वाद न होता लागतो तो अशा सुधारणांमुळेच.

बोटी बुडतात त्याचं कारणही भरतीच. पाणी एका दिशेने आत येतंय आणि वारा समोरून, म्हणजे लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोटीचा काठ पाण्याच्या जेमतेम वर असतो. १९१२ मध्ये केंब्रिजची बोट बुडाली. ऑक्सफर्डने काठाला लागून पाणी उपसलं आणि पुन्हा वल्हवायला घेतलं, पण पंचांनी शर्यत रद्द करून नंतर पुन्हा घेतली. १९५१ मध्ये ऑक्सफर्ड बुडालं, १९७८ मध्ये केंब्रिज. आता खवळलेल्या दिवशी बोटीच्या काठांना पाणी अडवणाऱ्या पट्ट्या लावतात आणि बोटीत पंप असतात. तरीही २०१६ मध्ये केंब्रिजच्या महिलांची बोट पाण्याने इतकी भरली, की त्यांनी ती कशीबशी शेवटपर्यंत ओढत नेली.

महिलांचा इतिहास ऐकायला संतापजनक आहे. १९२७ च्या पहिल्या लढतीत दोन्ही बोटींना एकत्र धावूच दिलं नाही. एकेकीने जायचं, आणि गुण वेळेला आणि ‘शैलीला’ वेगवेगळे. पटनी-मॉर्टलेकच्या मार्गावर, पुरुषांच्याच दिवशी, त्यांची शर्यत यायला २०१५ उजाडलं. २०२५ अखेर पुरुषांत केंब्रिज ८८, ऑक्सफर्ड ८१ आणि एक बरोबरी असा हिशोब आहे. महिलांत केंब्रिज ४९, ऑक्सफर्ड ३०.

अमेरिकेत हार्वर्ड-येल ही जोडी १८५२ पासूनची. तिची पहिली शर्यत एका रेल्वे कंपनीने आपल्या मार्गावर प्रवासी यावेत म्हणून विनिपेसॉकी सरोवरावर भरवली होती. म्हणजे प्रायोजक आजचेच नव्हेत.

पुढच्या वेळी शर्यत पाहाल तेव्हा पहिल्या मिनिटाच्या आघाडीवर जाऊ नका. हॅमरस्मिथ पुलाखाली कोण पुढे आहे ते बघा. तिथे पुढे असलेला संघ साधारण ८० टक्के वेळा जिंकला आहे. मिडलसेक्सची बोट तिथवर मोकळं पाणी पाडू शकली नसेल, आणि सरेची बोट अजून तिच्या शेजारी टिकून असेल, तर पुढची काही मिनिटं वळण सरेच्या बाजूने असतं. सरेला त्या वळणात निसटता आलं नाही, तर बार्न्स पुलानंतर तोच फायदा मिडलसेक्सकडे जातो.